ग्रेनाडाला व्हिसा लागत नाही, पण वाटेला लागतो

आपल्या पासपोर्टवर ग्रेनाडाला, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटदेशाला, थोड्या दिवसांसाठी जायला व्हिसा लागत नाही. मुलाने हे फोनवर सांगितलं तेव्हा घरात आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला आणि तो मावळला. मुंबईहून तिथे थेट विमान नाही, आणि मधे जिथे उतरायचं तिथल्या बहुतेक ठिकाणी व्हिसा हवा.

मुलगा तिथल्या सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत मेडिकलला आहे. ऑगस्टमध्ये गेला. मेडिकलच्या नव्या मुलांना पांढरा कोट देतात, त्या व्हाइट कोटच्या समारंभाला जाणं जमलं नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्यामुळे तो आम्ही साताऱ्यात मध्यरात्र उलटल्यावर लॅपटॉपवर पाहिला. सासूबाई नातवाचं नाव पुकारेपर्यंत नेटाने जाग्या राहिल्या. तेव्हाच ठरलं की निदान एकाने तरी जाऊन यायचं. ह्यांना दुकान सोडवत नाही, म्हणून मी.

आधी वाट ठरवा, मग बाकी सगळं, असं आता मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. लंडनमार्गे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा, टोरांटोमार्गे कॅनडाचा, न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे अमेरिकेचा. अमेरिकेत तर नुसतं विमानतळाच्या आत बसून पुढचं विमान पकडायची सोयच नाही. इमिग्रेशनमधून रीतसर आत शिरायचं, बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्स ओलांडायचं आणि बॅगा पुन्हा द्यायच्या.

एका एजंटने त्रिनिदाद या जवळच्या बेटामार्गे बरंच स्वस्त तिकीट दाखवलं. त्रिनिदादलाही आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तो खुशीत होता. पण त्रिनिदाद पीतज्वराचा (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा रोग) धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड लागतं, नाहीतर विलगीकरण. लस एकदा घेतली की दहा दिवसांनंतर कार्ड जन्मभर चालतं, त्यामुळे इतरांना ही वाट वाईट नाही. मला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे आणि ही लस अंड्यावर तयार होते. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. एजंट या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही.

शेवटी अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पाहुण्यांसाठीचा, व्हिसा काढायचं ठरलं. त्यामागे आणखी एक हिशेब होता. या युनिव्हर्सिटीची मुलं पहिली दोन वर्षं बेटावर शिकली की पुढे हॉस्पिटलमधल्या शिक्षणासाठी बहुतेक अमेरिकेतच जातात. म्हणजे तोच व्हिसा पुढेही उपयोगी.

मी सरकारी नोकरीत, तेव्हा परदेशी जायला खात्याची परवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र आलं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकते हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण एरवी त्यातलं एक टेबल माझंच असतं. साहेबांनी अर्जित रजा मंजूर केली ती "मार्चएण्डच्या आधी हजर व्हा" या अटीवर.

डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म मुलाने व्हिडिओ कॉलवर बसून भरून घेतला. प्रवासाचा हेतू काय, या प्रश्नाशी आम्ही दोघेही अडलो, कारण मला अमेरिकेत काहीच बघायचं नव्हतं. मग जे खरं तेच लिहिलं: ग्रेनाडात शिकणाऱ्या मुलाला भेटायला जाते, जाता-येता न्यूयॉर्क. बोटांचे ठसे आणि फोटो एके दिवशी वेगळ्या केंद्रात, मुलाखत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. मोबाइल आत नेता येत नाही. ह्यांना बाहेर फोन आणि पिशवी धरून उभं केलं होतं.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने मुलगा काय शिकतो, खर्च कोण करतं आणि मी काय काम करते एवढंच विचारलं. खर्च म्हणजे शैक्षणिक कर्ज, तेही सांगितलं. सातबारा, बँकेचं पुस्तक, रजेचा आदेश, सगळं फाइलमध्ये क्रमाने लावून नेलं होतं. त्याने फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हिसा मिळाला, दहा वर्षांचा.

तिकीट मात्र एकाच बुकिंगवर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते. फेब्रुवारी हा तिकडे पर्यटकांचा हंगाम, भाडं चढं असतं. पण जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, त्यात माझी जायची तयारी नव्हती.

खाण्याच्या सामानावर घरात वाद झाला. सासूबाईंना आंबेमोहोर पाठवायचा होता. भारतातून प्रवासी बॅगेत तांदूळ आणि हरभरे अमेरिकेत नेता येत नाहीत, धान्यातल्या एका किडीच्या भीतीने. कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी नेली आणि न्यूयॉर्कला खाण्याचं सामान आहे असं आपणहून सांगितलं. बॅग उघडली, लाडवांकडे पाहिलं, जा म्हणाले.

ग्रेनाडाला परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता विचारला, शिक्का मारला, झालं. एवढ्या खटाटोपानंतर ते इतकं पटकन उरकलं की मी काउंटरसमोर तशीच उभी राहिले. विमानतळाला मॉरिस बिशप यांचं नाव आहे. हे इथले पंतप्रधान, ऑक्टोबर १९८३ मध्ये त्यांना मारलं गेलं आणि काही दिवसांतच अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. त्यासाठी जी कारणं दिली गेली त्यांत याच युनिव्हर्सिटीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे एक होतं. मुलाला पाठवताना हे मला माहीत नव्हतं ते बरंच झालं. आज ट्रू ब्लू कॅम्पसवर मुलं पुस्तकांत डोकं घालून बसलेली असतात, समोर समुद्र असूनही.

ग्रँड आन्सला एका घरात खोली घेतली होती. अख्खा देश ३४४ चौरस किलोमीटर, मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. ७ फेब्रुवारीच्या स्वातंत्र्यदिनासाठी रस्त्याकडेचे दगडसुद्धा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात रंगवले होते. सेंट जॉर्जेस शहरात जायला मिनीबस, आत मोठ्याने गाणी, उतरायचं तर गाडीच्या पत्र्यावर टकटक करायचं. आपल्या वडापची सवय असलेल्या बाईला हे काही अवघड नव्हतं. अमेरिकन डॉलर सगळीकडे घेतात. एका डॉलरला २.७० ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, हा दर वर्षानुवर्षं बदललेला नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचे, अ‍ॅडॉप्टर घरूनच न्या.

बाजारात जायफळ, जायपत्री, दालचिनी, हळद. जायफळ तर इथल्या झेंड्यावरही आहे. २००४ च्या इव्हान वादळात बहुतेक झाडं पडली. जायफळाचं झाड फळावर यायला वर्षं लागतात, त्यामुळे तो धंदा अजून पूर्ण उभा राहिला नाही, असं मसाले विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांचे पूर्वज भारतातून आलेले. मजुरांचं पहिलं जहाज इथे १ मे १८५७ ला लागलं. रोटी म्हणून त्या जे देतात त्यात आत बटाटा-चिकनची करी गुंडाळलेली असते. मी नुसत्या बटाट्याची मागितली.

"आई, तू माझ्यासाठी आलीस की स्वयंपाकासाठी?" मुलगा विचारत होता, कारण त्याचा बराचसा दिवस लेक्चर आणि लॅबमध्ये जायचा आणि मी खोलीवर त्याच्या मित्रांसाठी आमटी करत बसायची. दोन्हीसाठी, म्हटलं.

मार्चएण्डच्या आत हजर झाले. आता ह्यांच्या पासपोर्टचं नूतनीकरण चाललंय, डिसेंबरची तिकिटं बघतो आहोत. त्यांना अंड्याची अ‍ॅलर्जी नाही, तेव्हा त्रिनिदादचा विचार होऊ शकतो.