एकच मुलगी आहे, मग मृत्युपत्र कशाला?

मृत्युपत्र करतोय म्हटल्यावर सोसायटीतल्या बहुतेकांनी मला हेच विचारलं. "फ्लॅट आपोआप तिचाच की! आणि नॉमिनेशन आहेच." रेल्वेच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेलं डोंबिवलीतलं हे घर 'आपोआप'च्या भरवशावर सोडायला मी काही तयार नव्हतो.

नॉमिनेशनचं आधी सांगतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या माघारी सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. घर जातं ते वारसांना, नाहीतर मृत्युपत्रात नाव असेल त्याला.

आता वारस कोण? फ्लॅट माझ्या आणि बायकोच्या नावावर, निम्मा-निम्मा. मी काही न लिहिता गेलो, तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे माझ्या निम्म्याचे तीन समान वाटे पडतात: बायको, मुलगी आणि आई. हो, आई. मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गातली वारस असते, हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. आई 86 वर्षांची आहे. म्हणजे घराचा सहावा हिस्सा तिचा, आणि तिच्यानंतर तो माझ्या दोन्ही भावांत, बहिणीत आणि माझ्या वाटणीपुरता माझ्या मुलीत वाटला जाणार. भावंडं गुणी आहेत, प्रश्न तो नाही. पण उद्या घर विकायचं झालं, तर पोरीने हक्कसोडपत्रांसाठी काका-आत्यांच्या दारात जायचं, आणि ते नसतील तर त्यांच्या मुलांच्या. त्यातला एक कॅनडात आहे.

भावाने बक्षीसपत्राचा आग्रह धरला. राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क जेमतेम 200 रुपये (स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा). पण बक्षीसपत्र केलं की घर आजच हातातून गेलं. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं, आणि त्याला स्टॅम्प पेपरही लागत नाही. साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही; मी केली, कारण सरकारी शिक्का बघितला की नातेवाईक जरा दबकून बोलतात.

वकिलीणबाईंनी मसुदा केला. "मी स्थिर मनाने, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..." वगैरे. आईला हिस्सा का नाही, हे कारणासकट लिहा, असं त्यांनी बजावलं. नाव गाळलं की पुढे कुणीतरी म्हणणार, म्हाताऱ्याला भान नव्हतं. मग आईच्या नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीचा उल्लेख आला.

आईला मी स्वतःच वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी गॅलरीकडची खोली?" हिश्शाबद्दल एक अक्षर नाही. त्या खोलीत तिचा देव्हारा आहे आणि खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. मसुद्यात बायकोला तहहयात राहण्याचा हक्क होता, आईचा विचार मी 'ती राहीलच की' असा धरून चाललो होतो. त्याच दिवशी वकिलीणबाईंना फोन केला. आता त्या कलमात दोघींची नावं आहेत, आणि दोघींच्या हयातीत माझा हिस्सा मुलीला विकता येणार नाही, हेही.

साक्षीदार दोन लागतात, आपल्यापेक्षा तरुण असलेले बरे, आणि ज्याला काही मिळणार आहे तो नको. मजकूर त्यांना दाखवावा लागत नाही. आपण सही केलेली त्यांनी पाहायची आणि आपल्यासमोर सही करायची. शेजारचा मुलगा सही करताना कागदाचा कोपरा उचलून बघत होता. बघेना का, त्याला काय मिळणार! फॅमिली डॉक्टरांचा मी शुद्धीवर असल्याचा दाखलाही जोडलाय.

मुलगी बंगळुरूला असते. फोनवर म्हणाली, "बाबा, हे असलं काही बोलू नका." मग दहा मिनिटांनी तिचाच मेसेज: इंडेक्स टू (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, ते लिहून ठेवा.

राहिला बायकोचा निम्मा. तो माझ्या कागदाने मुलीकडे जात नाही, तिचं मृत्युपत्र वेगळं हवं. ते अजून कच्चंच आहे. फ्लॅटचं दोन ओळींत उरकलं, पण पितळी भांडी कुणाला याची यादी दीड पानावर गेलीय आणि पुरणयंत्रावर गाडं अडलंय.