आंबा घाट, चिऱ्याचा लोड आणि ‘टर्बो आहे, घाट कळणारच नाही’

गाडी विकताना एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, “टर्बो आहे, घाट कळणारसुद्धा नाही.” कळला. चांगलाच कळला. रत्नागिरीकडून चिरा (बांधकामाचा जांभा दगड) भरून पहिल्यांदाच टर्बो ट्रक कोल्हापूरला नेणार असाल तर वाचा. घाटात लोड गाडी हाकता येते आणि पाने-स्क्रू ड्रायव्हर सोबत असतात, एवढं धरून चालतो.

दोन गाड्या एकत्र निघालो. मामांची जुनी, टाटाच्या साध्या, म्हणजे बिनटर्बो ६९७ इंजिनची. माझी त्याच घराण्यातली, पण टर्बो-इंटरकूलरवाली. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास); ५.७ लिटरचं माप दोन्हीकडे तेच. फरक हवेचा. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना ओढेल तेवढीच हवा घेतं. टर्बोत सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून आत कोंबतं. इंटरकूलर ती हवा गार करतो, म्हणून तेवढ्याच जागेत आणखी मावते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं.

हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा. सांगण्यासारखं काही नाही, रस्त्याच्या कामाची धूळ सोडली तर.

खरी परीक्षा घाटातल्या वळणांवर. सरळ चढाला माझी गाडी शिट्टी वाजवत मामांना मागे टाकायची. मग वळणावर वरून एसटी यायची, जवळजवळ थांबावं लागायचं, आणि सगळी मिजास उतरायची. ॲक्सिलरेटर पार तळाला, आणि गाडी ढिम्म. साधारण १२००-१३०० आरपीएमच्या खाली धूरच कमी, म्हणून टर्बोचं चाक मंद, म्हणून हवा नाही. त्यात डिझेल पंपावरचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) हवेचा दाब आल्याशिवाय डिझेल पूर्ण सोडत नाही. टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशनही (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) सहसा थोडं कमी ठेवलेलं असतं. म्हणजे त्या दोन-तीन सेकंदांत तुमच्या हातात साध्या इंजिनाहूनही कमी ताकद असते, मागे चिऱ्याचा ढीग, आणि त्यामागे हॉर्न मारणारी रांग. मामांची गाडी मात्र पाय दिला की लगेच घुरघुरत उचलायची. हळू, पण न अडखळता. टपरीवर मामा म्हणाले, “तुझी पळते चांगली रे, पण उठायला वेळ लावते.”

तेव्हा गेअर वळणात नाही, वळणाच्या आधी उतरवा. इंजिन १४०० च्या वर ठेवून वळणात शिरा. जुन्या गाडीसारखं वरच्या गेअरवर रेटत बसणारा ड्रायव्हर टर्बोवर देऊ नका, कितीही वर्षांचा अनुभव असो.

अर्ध्या घाटात ओढच गेली. धूर काळा, आणि शिट्टीच्या जागी फुसफुस. साखरप्याकडून येणारा एक गॅरेजवाला थांबला, पाइपाला तेल दिसतंय म्हणाला, “टर्बो गेला,” आणि २८ हजार सांगून मोकळा झाला. बॉनेट धड उघडलंही नव्हतं! मामांनी क्लीनरला ॲक्सिलरेटर द्यायला लावला आणि इंटरकूलरच्या होजवर (रबरी पाइपवर) हात फिरवला. कडेला तेलकट काळा थर आणि बोटांवर सरळ हवेचा झोत. क्लिप गंजून सैल झाली होती, होज अर्धा सरकलेला. खाऱ्या हवेत हे होणारच. दुसरी क्लिप आवळली आणि गाडी चालू. नुसतं बघण्याचे गॅरेजवाल्याने ५०० घेतलेच.

पाइपात तेलाचा पातळ थर असला म्हणून टर्बो जात नाही. इंजिन गार असताना हवेकडचा पाइप काढा आणि चाक बोटाने फिरवा. बाजूला किंचित हललं तर चालतं, तिथे तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासत असतील, तर मात्र खर्चाची तयारी ठेवा. खाणीवरून निघताना एअर फिल्टर बघाच. ती लाल धूळ पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते.

वर आंबा गावात चहासाठी थांबलात की चावी लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. चढ चढून आलेला टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं आणि बेअरिंगमध्ये उरलेलं जळून कोळसा होतो. सकाळी चालू केल्यावरही लगेच रेस नको. साध्या गाडीला असले लाड लागत नाहीत.

उंचीवर साधं इंजिन दम टाकतं म्हणतात. ते लडाखला खरं. हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के ताकद जाते, आंब्याला त्याचं काय एवढं! तिथे साध्या गाडीला जड जातो तो लोड.

माझं मत विचाराल तर खाण ते बांधकाम, घाटाखालीच फिरणार असाल तर जुन्या बाजारात साधं ६९७ घ्या, टर्बोवर पैसे घालू नका. दर आठवड्याला घाट चढायचा असेल तर टर्बोच. मलकापूरच्या पुढे सरळ रस्त्याला मामा आरशातूनही दिसेनासे झाले. आणि जुन्या इंजिनावर “स्वस्तात टर्बो बसवून देतो” म्हणणारे भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका. नुसता टर्बो बसवून भागत नाही. पिस्टन, रिंगा, पिस्टनला खालून तेल मारणारे जेट, हेड गॅस्केट, पंपाचं सेटिंग हे सगळं त्या दाबाच्या हिशोबाचं लागतं. नाहीतर पहिल्याच मोठ्या लोडला गॅस्केट फुटेल, आणि तेव्हा सांगितलेले २८ हजार खरोखरच लागतील.