सात नंबरच्या आजोबांचे कान

सात नंबरचे आजोबा तिसऱ्या रात्रीही जागेच होते. इचलकरंजीत उभी हयात यंत्रमागावर गेलेली, छातीत जुनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आणि फुप्फुसं खराब करणारा दम्यासारखा विकार, नाकाला ऑक्सिजनची नळी. दिवसा नीट बोलायचे. रात्री मात्र कालपासून सलाईनची नळी ओढायला लागले होते, मधेच मुलाच्या नावाने हाका मारत होते. पाळी संपवून ओव्हर देताना दुपारच्या सिस्टरने सांगितलं, "जरा बडबडतात, लक्ष ठेव."

वॉर्ड बारा खाटांचा. रात्री आम्ही दोघी सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "आजोबा, मागाच्या खडखडाटात जन्म काढलात, आणि इथे झोप येईना?"

ते म्हणाले, "मागाचा आवाज ठेक्यात असतोय. त्यात माणूस झोपतोय बी. हितला कवा अंगावर येईल सांगता येत नाही."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तासभर मी नुसती ऐकत राहिले. ड्रेसिंग ट्रॉलीचं एक चाक दर फेरीला किंचाळत होतं. किडनी ट्रे सिंकमध्ये पडला. स्टूल फरशीवरून ओढलं गेलं. नातेवाइकांचे फोन वाजत होते. आणि या सगळ्यावर मॉनिटर. त्यांतला सर्वांत जास्त वाजणारा खुद्द आजोबांचाच होता. सीओपीडीच्या बहुतेक पेशंटना आपण ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यानच ठेवतो, त्याहून वर मुद्दाम नेत नाही. मशीनवरची अलार्मची सीमा मात्र आधीपासून ठरलेली, 90. आकडा त्याखाली गेला की ते वाजणार. म्हणजे तब्येत ठरवल्याप्रमाणे असतानाही त्यांच्या डोक्याशी रात्रभर धोक्याची घंटा. मी येऊन बटण दाबायची, दोन मिनिटं शांतता, पुन्हा तेच. तीन रात्री ते हे सोसत होते आणि आम्ही त्यांच्या कागदावर 'रुग्ण अस्वस्थ' लिहीत होतो.

पाच नंबरला न्यूमोनियाचा तरुण मुलगा होता. घामाने त्याच्या छातीवरचे इलेक्ट्रोड, म्हणजे मॉनिटरच्या वायरींचे चिकट तुकडे, सारखे सुटायचे. तो अलार्मही मी सवयीने गप्प करत होते.

अडीचच्या सुमारास मी टेबलावर औषधांच्या नोंदी करत होते. आजोबांची हाक आली. "सिस्टर, त्या पोराचं मशीन बघा."

"वायर सुटतेय हो त्याची. झोपा तुम्ही."

"वायर न्हाई. सूर उतरलाय. मगाशी वरच्या पट्टीत होता."

मी उठले ती अर्धी त्यांचं मन राखायला. स्क्रीनवर 81. ऑक्सिजनची नळी खाटेच्या कठड्यात चेपली होती, मुलाचे ओठ काळपट पडत चालले होते. नळी मोकळी केली, त्याला बसतं केलं, मास्क लावून डॉक्टरांना बोलावलं. काही मिनिटांत आकडा 94 वर आला. तेव्हा कुठे माझे पाय थरथरले.

प्रत्येक ठोक्याबरोबर वाजणारा टीक-टीक आवाज रक्तातला ऑक्सिजन उतरला की खालच्या सुरात जातो. मशीन मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. मला ते पाठ होतं. खोट्या घंटांच्या गदारोळात माझ्या कानांनी ते ऐकायचंच सोडून दिलं होतं. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा भाग, अडकला की मागाचा आवाज बदलतो, हे ज्याला अंधारातही कळायचं, त्या माणसाने ते चार हात लांबून ओळखलं.

दवाखान्याभोवती किमान 100 मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. 2000 सालच्या नियमांनुसार तिथे रात्रीची मर्यादा 40 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये वॉर्डच्या आतल्या रात्रीसाठी 30 सुचवले होते. रस्त्यावरच्या हॉर्नसाठी आपण पाटी लावतो. आतल्या ट्रॉलीला कोण पाटी लावणार? त्या पहाटे मी मोबाईलवर आवाज मोजून पाहिला. फोनचं मोजमाप काही काटेकोर नसतं, तरी सगळे निजलेले असताना आकडा 50 च्या खाली यायलाच तयार नव्हता.

सकाळी राउंडला मी डॉक्टरांसमोर हा विषय काढला. आजोबांच्या अलार्मची सीमा त्यांनी 87 केली. आता प्रत्येकाची सीमा केसपेपरवर लिहिली जाते. स्पंजिंग झालं की छाती कोरडी पुसून इलेक्ट्रोड रोज नवे लावतो. त्याने खोटे अलार्म किती कमी झाले, हे रात्रपाळी करणारीलाच कळेल. पहाटे चारला ताप, साडेचारला रक्त, पाचला इंजेक्शन अशी तीनदा उठवाउठव चालायची. जिथे चालण्यासारखं आहे, तिथे ती एकाच वेळी करतो. मामांनी ट्रॉलीच्या चाकांना शिलाई मशीनचं तेल घातलं.

दुसऱ्या रात्री आजोबा साडेदहाला झोपले. अकराला मी नाडी बघायला गेले, तर तोंड किंचित उघडं, श्वास संथ. हात लावायचा धीर झाला नाही. मॉनिटरवरचे आकडे वाचून परत फिरले. पहाटे त्यांनी स्वतःच चहा मागितला आणि आज वार कोणता हे बरोबर सांगितलं.

टेबलावरच्या जुन्या फोनची घंटा मात्र अजून तशीच कर्कश आहे. बदलून मिळावा म्हणून दोनदा अर्ज दिलाय. तोवर रात्री दहानंतर आम्ही त्याच्याखाली टॉवेलची घडी ठेवतो.