अपघाताची भरपाई : माझा अनुभव, आणि तो एक दाखला

वकील शोधताना सगळे पहिल्यांदा विचारतात, "किती टक्के घेणार?" मला कुणी विचारलं की मी सांगते, टक्के नंतर बघा, अपंगत्वाचा दाखला कसा काढून देणार ते आधी विचारा. माझा दावा त्या एका कागदापायी जेवढा रखडला, तेवढा पोलीस ठाण्यात नाही, कोर्टात नाही आणि इन्शुरन्सवाल्यांकडेही नाही.

2023 च्या पावसाळ्यात सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या पिकअपने माझ्या स्कूटीला ठोकलं. डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. मी घरून डबे देते. ओट्यापाशी सकाळ-संध्याकाळ उभं राहायचं, त्यावरच माझं पोट. हेल्मेट होतं, लायसन्स होतं, पिकअपचा विमा चालू होता. एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा भाच्याने आणून दिला. पंचनामा मात्र नीट वाचा. कोणती गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती, यावर पुढे बरंच ठरतं.

वकिलांचं सांगायचं तर मी हॉस्पिटलमध्ये असतानाच एक अनोळखी माणूस खाटेपाशी कार्ड ठेवून गेला. "खर्च शून्य, मिळेल त्यातले पंचवीस टक्के." ऐकायला गोड वाटतं. पण बार काउन्सिलच्या नियमांत वकिलाला निकालावर ठरणारी फी घेता येत नाही, आणि असं गिऱ्हाईक शोधत फिरताही येत नाही. सर्रास चालतं ही गोष्ट वेगळी. मी ज्या वकीलबाई केल्या त्यांनी फी आकड्यात सांगितली: थोडी दावा दाखल करताना, थोडी पुराव्याच्या वेळी, उरलेली शेवटी, निकाल काहीही लागो. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही.

आणि घाई करा. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. "आधी बरी हो, मग बघू," असं घरचे मायेने म्हणतात, पण दावा सहा महिन्यांच्या आत टाका. तो अपघात झाला तिथे टाकता येतो, तसा आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही (अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) टाकता येतो. लंगडत परगावी जायची गरज नाही.

आता तो दाखला.

पाय किती निकामी झाला हे सरकारी रुग्णालयाच्या बोर्डाकडून लिहून आणायचं. दाखल्याच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं, तारीख मिळाली, एक्स-रेची पिशवी घेऊन गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ताई, चाळीसच्या खाली आलं तर काय उपयोग? सवलत मिळत नाही." मला एसटीची सवलत नको होती. कोर्टात दाखवायचंय म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. "मग हा फॉर्म नाही. त्याला कोर्टाचं पत्र लागतं." हे पोर्टलवर नव्हतं आणि भिंतीवरच्या एवढ्या मोठ्या फलकावरही नव्हतं. तरी मी रांग सोडली नाही. आतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "रॉड आहे अजून. काढल्यावर या." रॉड कधी काढायचा? "ते तुमचे डॉक्टर सांगतील." माझे डॉक्टर म्हणत होते, निदान दीड वर्ष तरी हात लावायचा नाही. म्हणजे तोवर माझा पाय कायद्याच्या दृष्टीने धडधाकट!

पुढच्या खेपेला अस्थिव्यंगाचे डॉक्टर रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला बोर्ड बसलं, पण शिबिरामुळे नंबर लागले नाहीत. बसायला एकच बाक, तोही मोडलेल्या पायाच्या माणसांनी भरलेला. शेवटी एक दाखला हातात पडला, तर त्यावर शिक्का : न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही. मी तो वकीलबाईंच्या टेबलावर अक्षरशः आपटला.

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी न्यायाधिकरणात अर्ज दिला की अर्जदाराला तपासणीसाठी वैद्यकीय मंडळाकडे पाठवावं. आदेश झाला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने पत्र निघालं. ते पत्र आम्ही आवक-जावकमध्ये स्वतः दिलं आणि पोचीवर नंबर टाकून घेतला. हा नंबर जपा. "पत्र आलंच नाही" हे उत्तर ठरलेलं असतं, आणि नंबर सांगितला की ते पत्र दोन मिनिटांत सापडतं. मग मात्र रॉडचा प्रश्न कुणी काढला नाही. डॉक्टरांनी प्लास्टिकचा कोनमापक घोट्याला लावला, पाय वर-खाली करायला लावून अंश मोजले, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली, मला उकिडवं बसायला सांगितलं. मला बसता आलं नाही. डाव्या पायाचं 38 टक्के कायम अपंगत्व, असं लिहून मिळालं. हेच काम पहिल्या दिवशी होऊ शकत होतं.

वकील निवडताना हे विचारा म्हणते ते यासाठी. न्यायाधिकरणाचं पत्र लागेल हे ज्याला आधीच माहीत आहे तो वकील करा. खरं तर माझ्या बाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. बाकी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पायाचे 38 टक्के म्हणजे कमाईचे 38 टक्के नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे स्पष्ट केलं आहे : इजेचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. म्हणून साक्ष महत्त्वाची. पिकअपच्या विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, "बाई, आज जिना चढूनच वर आलात ना?" मी म्हटलं, "आले, कठडा धरून. पण चाळीस पोळ्या होईपर्यंत उभं राहता येत नाही." जज्जसाहेबांनी ते लिहून घेतलं. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं, लपवत नाही.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगाराची स्लिप नव्हती. बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, अन्न परवाना आणि दोन डबेवाल्या मुलांची शपथपत्रं दिली.

पुढे राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनीची पहिली ऑफर चार लाखांची होती. बाईंनी कागदावरच हिशोब मांडला : महिना 15,000, वर्षाचे 1,80,000, वय 42 म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक 14 (म्हणजे वर्षाची कमाई वयानुसार कितीने गुणायची तो आकडा), आणि कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं तर 5,04,000. त्यावर दवाखान्याचा खर्च, वेदना-यातनांचे पैसे, आणि रॉड काढायचा पुढचा खर्च. हा शेवटचा खर्च बरेच जण मागायचा विसरतात. डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घेऊन ठेवा. साडेसात लाखांवर तुटलं. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी आकडा पुरता पटलेला हवा. दाखला हातात नसता तर मी चार लाखांवरच गप्प बसले असते.

आणि हो, मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं त्या कंपनीकडे जातात आणि दाव्याच्या वेळी हातात फक्त झेरॉक्स उरते. त्यांना अर्ज करून शिक्का मारलेल्या प्रती मागवा. आम्हाला उशिरा का होईना मिळाल्या. मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा होतील अशी भीती घालतात, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये ते वजा करायचे नाहीत असं सांगितलं आहे. तडजोडीच्या वेळी पिकअपच्या विमा कंपनीचे साहेब आमच्यासमोर तोच मुद्दा काढून बघत होते. बाईंनी निकालाची प्रत पुढे सरकवली, आणि साहेब पुढच्या रकान्याकडे वळले.