रापाल्ये वंशवृक्ष: दोन पिढ्या पक्क्या, तिसरीत गुंता

योरिस यान्सन रापाल्ये आणि कातालिना त्रिको यांच्या झाडातल्या पहिल्या दोन पिढ्या आता शाईने लिहायला हरकत नाही. तिसरी अजून पेन्सिलीतच ठेवावी. न्यू नेदरलँडमधल्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क भागातल्या, पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी हे घराणं. वसाहत डचांची असली तरी हे दोघं फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातले, म्हणून हॉलंडमधली गावं पालथी घालण्यात वेळ जातो. सुरुवात अ‍ॅम्स्टरडॅमच्या वालून चर्चपासून, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या चर्चपासून करायची.

तिथे त्यांचं लग्न २१ जानेवारी १६२४ ला लागलं. त्याआधीच्या विवाहघोषणेच्या नोंदीत नवरा वालेंसिएनचा, वय १९, आणि नवरी १८ वर्षांची. तिचं गाव ‘प्रिस’ असं लिहिलंय, ते एनो प्रांतातलं प्रिश. उतारीकरांनी त्याचं सरळ पॅरिस केलं आणि ते पुढे शेकडो झाडांत शिरलं. खुद्द कातालिनाच्या १६८८ च्या जबानीतही पॅरिसच आहे. म्हातारपणी, इंग्रज कारकुनाने लिहून घेतलेल्या जबानीपेक्षा लग्नाच्या वेळची नोंद वरचढ मानायची.

त्याच जबानीत ती १६२३ मध्ये आल्याचं सांगते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १६२४ ला लग्न झालेली बाई १६२३ मध्ये अमेरिकेत कशी? इथे पंचांग बघावं लागतं. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी १६२४ त्यांच्या हिशेबात १६२३ मध्येच पडतो. शिवाय तिची आधीची जबानी ‘१६२३ किंवा १६२४’ असं सावधपणे म्हणते. त्या जबानीची तारीखही १४ फेब्रुवारी १६८४/८५ अशी जोडवर्षाची आहे. १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली, त्यानंतरच्या इंग्रजी कागदांतल्या १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा अशाच दुहेरी उतरवा. एकच वर्ष निवडलं की पुढे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसू लागतं.

वालेंसिएनच्या मागे जायचा मोह आवरा. जुन्या छापील वंशावळींतला गास्पार कोले दे रापाल्ये नावाचा सरदार पूर्वज बनावट आहे. योरिस कापडकामातला मजूर, सहीऐवजी खूण करणारा. ती फांदी मुळापासून कापून टाकावी. ‘संशयास्पद’ असा शेरा मारून ठेवली तरी लोक ती उचलतातच.

मुलं अकरा, १६२५ ते १६५०. थोरली सारा, जन्म ९ जून १६२५. १६५६ च्या अर्जात ती स्वतःला न्यू नेदरलँडमध्ये जन्मलेली पहिली ख्रिस्ती मुलगी म्हणवते. न्यू अ‍ॅम्स्टरडॅमच्या डच चर्चच्या उपलब्ध बाप्तिस्मा नोंदी १६३९ पासूनच्या, त्यामुळे थोरल्या मुलांसाठी घरात जपलेल्या जन्मयादीवर विसंबावं लागतं. अशा तारखांपुढे वेगळी खूण करा.

साराची मुलं दोन आडनावांत वाटली गेली. पहिला नवरा हान्स हान्सन, नॉर्वेतल्या बर्गनचा. ती संतती पुढे बर्गन झाली. दुसरा टूनिस गाइसबर्टसन बोगार्ट. नोंदींत मात्र मुलं बापाच्या नावानेच येतात, हान्सन किंवा टूनिसन. आपल्याकडचं मधलं नाव घ्यावं आणि आडनाव गाळावं, तसंच. डच नोंदींत बायका लग्नानंतरही माहेरचं नाव ठेवतात, ही त्यातली मोठी सोय.

गुंता येतो तो योरिसच्या नातवंडांत. आजोबांचं नाव थोरल्या मुलाला ठेवायचं, या रिवाजामुळे योरिसच्या दोन मुलांपैकी येरोनिमसचाही योरिस आणि दानिएलचाही योरिस, दोघेही एकाच पिढीचे. बाप्तिस्म्याच्या तारखेवरून त्यांची निवड करू नका. तक्त्यात बापाचं नाव, आईचं माहेर, साक्षीदार आणि गाव असे चार रकाने ठेवा. येरोनिमसची बायको आना डेनिस, दानिएलची सारा क्लॉक. साक्षीदारांत क्लॉक मंडळी दिसली की ती नोंद बहुधा दानिएलच्या घरची. मात्र साक्षीदार हा दुजोरा आहे, पुरावा नाही. आईचं नाव नसलेली नोंद कुणालाच जोडायची नाही.

पुढचा टप्पा १६८७ च्या किंग्ज काउंटीच्या, म्हणजे आजच्या ब्रुकलिनच्या, राजनिष्ठेच्या शपथयादीचा. इथे जन्मलेल्यांपुढे तसं लिहिलेलं आहे, बाकीच्यांपुढे देशात येऊन किती वर्षं झाली ते. शोधताना रापाल्ये, रापाली, रापेल्ये, रॅपली ही सगळी रूपं घालून बघा, आणि काहीच सापडलं नाही तर आडनाव सोडून नुसतं ‘योरिस’ आणि गाव.