घांघरियाच्या अलीकडचा चढ

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या वाटेवर, पुलना ते मुक्कामाचं गाव घांघरिया दहा किलोमीटर, सोपी चाल, असं मला तिघांनी सांगितलं होतं. तिघंही खेचरावरून गेले होते, हे परत आल्यावर कळलं.

तिकडे निघालेल्यांसाठी म्हणून आधी हेच लिहितो. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप मिळते. पुढे भ्यूंदार गावापर्यंत वाट खरंच सोपी आहे. गावानंतर पूल ओलांडला की मात्र चढ सुरू होतो आणि घांघरियापर्यंत पिच्छा सोडत नाही. जुनी वाट २०१३ च्या पुरात वाहून गेली, ही नंतर काढलेली. ओले दगड, वरून पाऊस, पायाखाली लीद आणि मागून खेचरांची रांग. खेचर आलं की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला मुळीच नाही. मी दर रविवारी सिंहगड चढतो. तरी दर वळणावर टेकायला जागा शोधत होतो.

सॅक पाठीवर नको असेल तर पुलनालाच माणूस ठरवा, दराची पावती घ्या. मी पुढे बघू म्हणत राहिलो आणि पुलाजवळ अडला हरी झालो. पुलनाला सांगितलेल्या पैशांच्या दुप्पट दिले, तेही निम्म्याहून कमी वाटेसाठी. वर त्यानेच मला "धीरे चलो साब" म्हणावं!

व्हॅली म्हणजे राष्ट्रीय उद्यान, ते १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण फुलांचा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. दरडींचाही हंगाम तोच. गोविंदघाटच्या रस्त्यावर पीपलकोटीच्या अलीकडे आम्ही सहा तास नुसते बसून होतो. परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे नसतील तर जाऊच नका.

व्हॅलीतला दिवस मजेत गेला. फोटो सगळ्यांनीच टाकलेत, मी काय वेगळं सांगणार! आत टपरी नाही, मुक्काम नाही, खेचरही नाही. डबा घेऊन सकाळी लवकर आत शिरा, दुपारनंतर सोडत नाहीत.

ब्रह्मकमळं बघायची तर दुसऱ्या दिवशी घांघरियाहून हेमकुंड, शिखांचं तळ्याकाठचं तीर्थ. सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. इथे सरळ खेचर करा. हो, वर एवढी बोंब मारूनही सांगतो. मी हट्टाने चाललो, डोकं ठणकत पोचलो आणि तळ्यापेक्षा गुरुद्वाऱ्यातली खिचडी जास्त लक्षात राहिली. पन्नास रुपयांचा प्लॅस्टिकचा पोंचो पहिल्याच वाऱ्यात फाटतो, चांगला रेनकोट घरूनच न्या.

उतरताना त्याच पुलावर नाशिकचं एक कुटुंब भेटलं. "आता थोडंच राहिलं ना?" काकूंनी विचारलं. "दोन तास, नुसता चढ," मी म्हणालो. काकूंनी तिथंच बसकण मारली, आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो चढ मीच बांधलाय.