प्रेसमध्ये बोट गेलं तर: पहिले दोन तास आणि पुढचे कागद

बेळगावच्या उद्यमबागेत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, बोट गेलेल्यांसोबत दवाखाना आणि ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) हेलपाटे मी घातलेत. पहिल्या दोन तासांत जे राहून जातं, ते पुढे वर्षभर निस्तरावं लागतं.

मोटर बंद केली म्हणून लगेच डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात घालू नका. फ्लायव्हील (मशीनचं जड चाक) फिरतच असतं, पायडलला धक्का लागला की रॅम, म्हणजे वरचा ठोकळा, परत खाली येतो.

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. अंगठी तेव्हाच काढा, सुजल्यावर निघत नाही. हळद, चुना, डिझेल काही लावू नका. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने धुवून ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून खराब होतं. चिरडलेलं असलं तरी सोबत न्या. जोडायचं की नाही ते सर्जन ठरवेल.

त्याच दिवशी कारखान्याकडून अपघात नोंदवही आणि ईएसआयला अपघात कळवायचा फॉर्म 12 भरून घ्या. ‘हाताला मार’ एवढ्यावर भागत नाही. उजवा की डावा, कुठलं बोट, कितव्या पेरापासून, मशीन, वेळ, साक्षीदार सगळं हवं. कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढे पेरापेराने हिशेब होतो: तर्जनीचं एक पेर 9 टक्के, दोन 11, पूर्ण बोट 14, करंगळी 7, अंगठा 30. त्यावर आयुष्यभराची रक्कम ठरते. उपचाराच्या काळात सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात, पण डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये खंड पडला की तेवढ्या दिवसांचे पैसे गेले. पैसे अडू नयेत म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पोरांनी आधार आणि पासबुकावरचं नाव एकच आहे का, तेही आधीच बघावं.

अपघाताचा जबाब कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नको. त्यात बऱ्याचदा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असतं. चूक कामगाराची म्हणून ईएसआयचे पैसे सहसा अडत नाहीत, पण मशीनचा दोष मात्र झाकला जातो. पायडल एकदा दाबून रॅम दोनदा आला, म्हणजे डबल स्ट्रोक झाला, तर क्लचची चावी, म्हणजे फ्लायव्हीलची फिरकी रॅमकडे जोडणारी खिटी, बघा. तिची धार गोल झालेली असते, नाहीतर स्प्रिंग तुटलेली असते. फिटर ती बदलायच्या आत मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या त्याच प्रेसवर दुसरं कोणी बसणार आहे.